चेहऱ्याची हाडं: आधी आखणी, मग ऑपरेशन

१. लगेच ऑपरेशन का नाही?

दुचाकी घसरते, माणूस तोंडावर आपटतो, गालाचं हाड आणि खालचा जबडा मोडतो. दवाखान्यात पोचल्यावर आधी श्वासाची वाट मोकळी आहे ना ते पाहतात, रक्त थांबवतात, डोक्याला मार नाही याची खात्री करून घेतात. मग नातेवाइकांना सांगितलं जातं, "ऑपरेशन पाच-सहा दिवसांनी करू. तोवर जबड्याचं मॉडेल छापून घेतो." ऐकणाऱ्याला हे काही केल्या पटत नाही. हात मोडला तर त्याच दिवशी प्लास्टर चढतं. इथे सगळं तोंड मोडलंय आणि डॉक्टर प्लास्टिकचा जबडा कसला छापतायत?

प्रश्न रास्त आहे. त्याचं अर्धं उत्तर सुजेत आहे. मार लागल्यावर चेहरा इतका सुजतो की गालाचं हाड आत दबलंय की नाही हे वरून पाहून सांगता येत नाही. सुजलेल्या चेहऱ्यावर दोन्ही गाल सारखे दिसले म्हणून समाधान मानावं, तर सूज उतरल्यावर एक गाल बसलेला निघतो. म्हणून तातडीचं कारण नसेल तर सर्जन साधारण पाच-सात दिवस थांबतात. फार थांबूनही चालत नाही, कारण दोन-तीन आठवड्यांत मोडलेले तुकडे आहेत तिथेच, वाकडेतिकडे, जुळायला लागतात. मग ते पुन्हा मोडून सरळ करावे लागतात. या दोन्हींच्या मधे जे थोडे दिवस हाती उरतात, त्यात आखणीचं काम होतं.

उरलेलं अर्धं उत्तर चेहऱ्याच्या बांधणीत आहे.

२. चेहरा बसवणं अवघड कशामुळे?

चेहऱ्यात चौदा हाडं आहेत. त्यातला खालचा जबडा तेवढा हलतो. बाकीची तेरा एकमेकांत आणि कवटीत घट्ट बसलेली असतात. काही जागी ती चांगली जाड आहेत, काही जागी कागदाइतकी पातळ. फ्रान्समधल्या लील शहरातले सर्जन रने ल फोर यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर वेगवेगळ्या दिशांनी आघात करून पाहिले आणि १९०१ साली दाखवून दिलं की मधला चेहरा कसाही फुटत नाही, ठरावीक कमकुवत रेषांवर फुटतो. आजही केसपेपरवर 'ल फोर १, २, ३' असं लिहितात ते त्यांच्याच नावाने. अडीच तासांच्या भाषणात न समजणारी गोष्ट त्या एका आकड्याने सर्जनला कळते.

पण मोड कुठे आहे हे कळणं आणि तो दिसणं यात फरक आहे. मांडीचं हाड बसवायचं तर मांडीवर हवी तेवढी चीर देता येते. चेहऱ्यावर ती सोय नाही. व्रण आयुष्यभर समोर राहणार, आणि गालातून चेहऱ्याच्या हालचालींची नस जाते; ती दुखावली तर डोळा मिटत नाही, ओठ वाकडा होतो. म्हणून चिरा लपवून देतात: वरच्या ओठाच्या आतून, खालच्या पापणीतून, भुवईच्या टोकाशी, फारच मोठा मोड असेल तर केसांमधून या कानापासून त्या कानापर्यंत. गालाचं एकच हाड घ्या. ते कपाळाच्या हाडाला, वरच्या जबड्याला, कानाकडे जाणाऱ्या कमानीला आणि आत डोळ्याच्या खोबणीत, असं चारी बाजूंनी जोडलेलं असतं. ओठाच्या आतल्या चिरेतून पाहिलं तर एक सांधा तंतोतंत जुळलेला दिसतो, पण त्याच वेळी ते हाड मागच्या बाजूला फिरलेलं असू शकतं. चारही सांधे एका वेळी कधीच नजरेत येत नाहीत.

म्हणजे अडचण कौशल्याची कमी आणि नजरेची जास्त. भूल दिलेली आहे, घड्याळ चालू आहे, आणि हाड नेमकं कुठे असायला हवं हे दोन बोटांच्या फटीतून पाहून ठरवायचं आहे. संगणकावर होणाऱ्या डिजिटल आखणीने हा निर्णय ऑपरेशन टेबलावरून उचलून दोन दिवस आधीच्या निवांत वेळेत नेला. थ्रीडी छपाईयंत्राच्या बातम्या पेपरात फोटोसह येतात. माझ्या मते यातलं खरं काम छपाई सुरू होण्याआधीच झालेलं असतं.

३. आधी माप, मग चीर: पुण्याची एक हकिगत

चेहऱ्यावर हत्यार चालवण्याआधी माप घ्यावं ही कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे, आणि तिचा एक प्रसिद्ध दाखला आपल्याकडचाच आहे. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रज फौजेत होता. टिपूविरुद्धच्या युद्धात तो पकडला गेला, आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच होता. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका जाणकाराने त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. ही हकिगत चित्रासह ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकात छापून आली आणि युरोपातल्या सर्जनांनी ती उचलली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला एक बारीक तपशील मोलाचा आहे. त्या माणसाने आधी मेणाचा पातळ पत्रा तुटलेल्या नाकावर बसवून त्याला नाकाचा आकार दिला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ ओढली आणि त्या रेघेवर कातडी कापली. किती कातडी लागेल हा हिशेब चीर देण्याआधी पुरा झालेला होता.

४. स्कॅनमधून हाड वेगळं काढायचं कसं?

आज मेणाच्या जागी सीटी स्कॅन आहे. गॉडफ्रे हाऊन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातल्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचं चित्र घेतलं. १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

हे यंत्र काय करतं? अळूवडीचा उकडलेला उंडा आडवा कापला की प्रत्येक कापावर पानांची आणि बेसनाची गुंडाळी दिसते. सगळे काप पुन्हा क्रमाने एकामागे एक लावले तर उंडा जसाच्या तसा उभा राहतो, आणि आता त्यातलं प्रत्येक पान कुठून कुठे गेलंय हे आपल्याला माहीत असतं. सीटी यंत्र क्ष-किरणांनी डोक्याचे असेच काप चित्रात काढतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत २० सेंटिमीटर धरले आणि प्रत्येक काप ०.६२५ मिलिमीटरचा ठेवला, तर ३२० चित्रं मिळतात. हाच काप ५ मिलिमीटरचा ठेवला तर फक्त ४०, आणि मग बारीक मोड दोन कापांच्या मधेच हरवून जातो. आखणीसाठी एक मिलिमीटरपेक्षा जाड काप चालत नाहीत ते यामुळे.

प्रत्येक चित्र बारीक ठिपक्यांचं असतं आणि प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि हाड काहीशेपासून हजारापुढे. मोजपट्टीलाही हाऊन्सफील्ड यांचंच नाव आहे. संगणकाला सांगायचं, साधारण २०० च्या वरचे ठिपके तेवढे ठेव, बाकी पुसून टाक. कातडी, चरबी, स्नायू गळून पडतात आणि पडद्यावर नुसती कवटी फिरू लागते.

ऐकायला सोपं वाटतं. पण डोळ्याच्या खोबणीचा तळ काही जागी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ आहे. तिथला ठिपका थोडं हाड आणि बरीच हवा यांची सरासरी दाखवतो, आकडा २०० च्या खाली येतो आणि संगणक ते हाड पुसून टाकतो. मग धडधाकट खोबणीतही पडद्यावर भोकं दिसतात. खरं भोक कुठलं आणि आकड्यांचा खेळ कुठला, हे माणसालाच बसून ठरवावं लागतं. दातात चांदी किंवा धातूची टोपी असेल तर आणखी पंचाईत. धातूवरून किरण असे विखुरतात की दातांभोवती पांढऱ्या रेघांचं जाळं पसरतं. म्हणून दातांचा वेगळा, तोंडात फिरवायच्या छोट्या कॅमेऱ्याने स्कॅन घेतात किंवा प्लास्टरचा ठसा स्कॅन करतात आणि तो कवटीच्या चित्रात नेऊन बसवतात.

५. पडद्यावर तुकडे जुळवताना

आता प्रत्येक मोडलेल्या तुकड्याला वेगळा रंग दिला जातो आणि माऊसने एकेक तुकडा उचलून, फिरवून मूळ जागी नेला जातो. पण 'मूळ जागा' कळणार कशी? त्याला दोन साक्षीदार आहेत.

पहिला साक्षीदार दात. वरचे-खालचे दात आयुष्यभर एकमेकांवर घासून ठरावीक पद्धतीने बसलेले असतात. त्यांच्यावर झिजेच्या चकचकीत खुणा असतात, आणि त्या खुणा एकमेकींना फक्त एकाच रीतीने भेटतात. दातांखाली केस आला तरी आपल्याला कळतं, म्हणजे दाताची जाण किती बारीक आहे पाहा. जबडा जुळवताना सर्जन हाडाच्या कडेपेक्षा दातांच्या बैठकीवर जास्त भरवसा ठेवतो.

दुसरा साक्षीदार चेहऱ्याची न मोडलेली बाजू. उजवा गाल मोडला असेल तर संगणक डाव्या बाजूची आरशातली प्रतिमा काढून उजवीकडे ठेवतो. मोडलेलं हाड त्या प्रतिमेपर्यंत नेऊन बसवायचं. पद्धत उपयोगी आहे, पण ती एक गृहीत धरून चालते, आणि ते गृहीत पुरतं खरं नाही. कोणाचाच चेहरा दोन्हीकडे हुबेहूब सारखा नसतो. म्हणून चांगला सर्जन अपघाताआधीचे फोटो मागवतो. दोन्ही बाजू मोडल्या असतील तर आरसा कामाचाच नाही. मग दात, जुने फोटो आणि अनुभव यांवरच भिस्त.

६. छापलेला जबडा आणि वाकवलेली पट्टी

पडद्यावर जुळलेला जबडा आता छापायचा. थर थर चढवून वस्तू घडवण्याची पहिली रूढ पद्धत अमेरिकेतल्या चक हल यांची. त्यांनी १९८४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८६ मध्ये ते मिळालं. त्यांच्या यंत्रात द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट होत असे. आज रुग्णालयांत दिसणारं स्वस्त यंत्र प्लास्टिकची तार वितळवून तिचे थर घालतं. संध्याकाळी लावलं की साधारण सकाळपर्यंत जबडा तयार होतो, खऱ्या मापाचा.

तो हातात घेऊन काय करतात हे एका उदाहरणाने पाहू. माणूस हनुवटीवर पडतो तेव्हा जबडा बऱ्याचदा दोन जागी मोडतो: हनुवटीच्या शेजारी एका बाजूला, आणि विरुद्ध बाजूला कानापुढच्या सांध्याजवळ. सर्जन ओठाच्या आतून हनुवटीजवळचा मोड उघडतो, टायटॅनियमची छोटी पट्टी, म्हणजे प्लेट, आडवी ठेवतो आणि स्क्रू आवळतो. समोरून पाहिलं तर रेघ नाहीशी झालेली असते. पण जबडा नालासारखा गोल आहे आणि प्लेट फक्त त्याच्या बाहेरच्या अंगाला आहे. प्लेट हाडाच्या गोलाईपेक्षा जराशी सपाट राहिली असेल तर स्क्रू आवळताना बाहेरची फट मिटते आणि जिभेकडची उघडते. मग जबड्याची मागची दोन्ही टोकं फाकतात, चेहरा रुंद दिसू लागतो आणि दाढा नीट बसत नाहीत. जिभेकडची ती फट समोरच्या चिरेतून दिसतच नाही.

छापलेला जबडा उलटा करून मागून पाहता येतो. प्लेट त्याच्यावर धरायची, पकडीने थोडी वाकवायची, पुन्हा धरायची, मागची फट पाहायची, पुन्हा वाकवायची. ऑपरेशन टेबलावर हेच करायचं तर रक्त पुसत, एका हाताने ओठ ओढून धरून करावं लागतं. शिवाय धातू एकाच जागी उलटसुलट पुन:पुन्हा वाकवला की तो कमकुवत होतो. मॉडेलवर निवांतपणे, थोड्या वाकवण्यांत काम झालं तर प्लेटचं आयुष्यही वाढतं.

आणि वाकवलेली ती प्लेट ऑपरेशनमध्ये स्वतःच मापदंड बनते. तिचा बाक जुळलेल्या जबड्यावर ठरला आहे. तेव्हा मोडलेले तुकडे तिच्याखाली अधांतरी न राहता सपाट टेकले, तर ते जागेवर आले असं समजायचं. टेकले नाहीत तर अजून काहीतरी फिरलेलं आहे.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. प्लेट ऑपरेशन थिएटरमध्ये जाते, पण जिच्यावर ती घडली त्या जबड्याला सहसा बाहेरच थांबावं लागतं. तारेचं हे प्लास्टिक, बहुतेक वेळा पीएलए, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि दवाखान्यात हत्यारं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह १२१ किंवा १३४ अंशांवर चालतो. त्यात ठेवला तर बाहेर काय निघेल हे सांगायला नको. ज्या वस्तू जखमेला टेकणार आहेत, उदाहरणार्थ भोक कुठे पाडायचं हे दाखवणारा साचा किंवा दातांच्या मधे बसवायची चकती, त्या उष्णता सोसणाऱ्या आणि शरीराला न बाधणाऱ्या वेगळ्या रेझिनच्या छापाव्या लागतात.

७. डोळ्यामागचा अर्धा चमचा

डिजिटल आखणीचा सगळ्यात मोठा फायदा कुठे होत असेल तर तो डोळ्याच्या खोबणीत. खोबणीत सुमारे ३० मिलिलिटर जागा असते, म्हणजे पाच मिलिलिटरचे सहा चमचे. क्रिकेटचा चेंडू किंवा ठोसा डोळ्यावर बसला की बऱ्याचदा खोबणीची वरची जाड कड टिकते आणि पातळ तळ खाली फुटतो. डोळ्यामागची चरबी त्या भोकातून खाली उतरते, खोबण मोठी होते आणि डोळा आत जातो.

ढोबळ हिशेब असा: खोबण एक मिलिलिटरने वाढली की डोळा जवळजवळ एक मिलिमीटर आत जातो. दोन मिलिमीटर फरक झाला की समोरच्या माणसाला तो जाणवू लागतो. म्हणजे अर्धा चमचा जागा वाढली तरी चेहरा बदलतो, आणि वर-खाली पाहताना दोन-दोन दिसण्याचा त्रास वेगळा. आता सर्जनचं काम पाहा. पापणीतल्या चिरेतून, डोळा हळूच वर उचलून, चार सेंटिमीटर खोल गुहेच्या तळाशी टायटॅनियमची जाळी बसवायची. खोबणीचा तळ सपाट नसतो. मागे जाताना तो वर चढतो. तो चढ जाळीत आला नाही तर पुढून सगळं छान दिसतं आणि अर्धा चमचा मागे तसाच राहतो.

म्हणून चांगल्या बाजूच्या खोबणीची आरसा-प्रतिमा छापतात, मघाची आकड्यांच्या खेळातली भोकं आधी हाताने बुजवून, आणि तिच्यावर जाळी दाबून आकार देतात. बसवल्यावर ऑपरेशन टेबलावरच पुन्हा स्कॅन घेण्याची सोय काही मोठ्या रुग्णालयांत आहे. तिथे चूक टाके घालण्याआधी पकडता येते.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. लहान मुलांची हाडं लवचीक असतात. खोबणीचा तळ मोडून पुन्हा झाकणासारखा वर येतो आणि डोळा फिरवणारा स्नायू त्यात चिमटला जातो. डोळा वरून स्वच्छ दिसतो, पण मूल वर पाहू शकत नाही, मळमळतं, कधी नाडी मंदावते. तिथे छपाई वगैरे काही नाही. एक-दोन दिवसांत स्नायू सोडवावा लागतो.

८. जुळून गेलेला चेहरा: वेल्समधली केस

२०१२ मध्ये वेल्समधल्या एका तरुणाचा मोटरसायकलवर अपघात झाला. हेल्मेट घातलेलं असूनही दोन्ही गालांची हाडं, वरचा जबडा आणि नाक मोडलं, कवटीलाही तडा गेला. जीव वाचला, पण हाडं बदललेल्या जागी जुळली. चेहरा लपवायला तो बाहेर टोपी आणि चष्मा घालून फिरायचा.

स्वानसी शहरातल्या मॉरिस्टन रुग्णालयातल्या सर्जनांनी कार्डिफमधल्या डिझाइनतज्ज्ञांबरोबर बसून त्याच्या सीटी स्कॅनवर दोन्ही बाजूंनी सारख्या चेहऱ्याची आखणी केली. जुळलेली हाडं नेमकी कुठे कापायची ते दाखवणारे साचे छापले. कापलेली हाडं नव्या जागी धरून ठेवणारे टायटॅनियमचे भाग बेल्जियममध्ये छापून घेतले. ऑपरेशन आठ तास चाललं. मार्च २०१४ मध्ये ही बातमी जगभर गेली.

आखणी, कापायचे साचे आणि बसवायचे भाग हे सगळं एकाच आराखड्यातून आलेलं असणं ही त्यातली खरी बाब. आणि या कामाला निवांत वेळ मिळाला, कारण अपघात जुना होता. ताज्या फ्रॅक्चरला बेल्जियमहून भाग येईपर्यंत थांबता येत नाही. म्हणूनच कर्करोगाच्या किंवा पुढे आलेल्या जबड्याच्या, तारीख ठरवून करायच्या ऑपरेशनांत ही पद्धत आधी रुजली आणि अपघातांकडे नंतर आली. रुग्णालयातच छोटं छपाईयंत्र आणि मोफत सॉफ्टवेअर आल्यावर हा अडसर बराच कमी झाला. ब्राझीलच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झालेलं 'इनव्हेसालियस' हे अशांपैकी एक. ते कोणालाही फुकट उतरवून घेता येतं. मॉडेलला लागणारं प्लास्टिक स्वस्तच असतं. महाग असतो तो पडद्यासमोर बसून तुकडे जुळवणाऱ्या माणसाचा वेळ.

९. तुमच्या घरात वेळ आली तर

प्रत्येक फ्रॅक्चरला हे लागत नाही. जबड्यावर एकच सरळ मोड आहे, दात सगळे जागेवर आहेत, तर सर्जन दात तारेने बांधून, प्लेट लावून मोकळा होतो आणि ते उत्तमच होतं. अशा केसमध्ये मॉडेल छापलं नाही म्हणून डॉक्टर मागासलेले ठरत नाहीत. अनेक तुकडे, मधे हाडच नाहीसं झालेलं, खोबणीचा तळ गेलेला, दोन्ही बाजू मोडलेल्या, दात नसलेला म्हातारा जबडा किंवा वाकडं जुळून गेलेलं हाड: इथे आखणी करून घ्यावी. आणि तिच्याने सगळं सुटेल असंही नाही. संगणक हाडाचा हिशेब करतो. फाटलेला स्नायू, आक्रसलेला व्रण, दुखावलेली नस यांचा अंदाज अजून सर्जनच्या हातातच आहे.

दुसऱ्या दवाखान्यात जाताना लोक मोठ्या पिवळ्या पाकिटात सीटीच्या फिल्म घेऊन जातात. आखणीला त्या निरुपयोगी. फिल्मवर वीस-पंचवीस निवडक चित्रं असतात, आपल्याला ती सगळी ३२० हवीत, त्यांच्या आकड्यांसकट. स्कॅन सेंटरमधून सीडी किंवा पेनड्राइव्हवर 'डायकॉम' स्वरूपातला पूर्ण डेटा मागून घ्यावा, आणि स्कॅन होण्याआधीच "काप एक मिलिमीटर किंवा कमी ठेवा" असं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. म्हणजे दुसरा स्कॅन, दुसरा खर्च आणि किरणांचा दुसरा मारा टळतो. सोबत रुग्णाचे जुने फोटो न्यावेत: एक समोरून, एक बाजूने, आणि एक दात दिसतील असं हसतानाचा. लग्नाच्या अल्बममध्ये हे तिन्ही सहसा सापडतात. दात तुटून पडला असेल आणि तो सापडला असेल तर तोही दुधात ठेवून, वेळ न घालवता घेऊन जावा.